निंगबोच्या मशीनचे पैसे कसे पाठवायचे: टीटी, एलसी की बँकेमार्फत कागद?

भोसरीतल्या एका छोट्या प्लास्टिक मोल्डिंग कारखान्याच्या मालकांचा प्रश्न असा आहे. चीनमधल्या निंगबोहून ४८,००० डॉलरचं इंजेक्शन मोल्डिंग मशीन घ्यायचं ठरलंय, आयातीची पहिलीच वेळ आहे. पुरवठादार म्हणतो ३० टक्के ॲडव्हान्स द्या, ७० टक्के माल निघायच्या आधी द्या, दोन्ही टीटीने, म्हणजे बँकेतून थेट त्याच्या खात्यावर. त्यांच्या सहकारी बँकेचे मॅनेजर म्हणतात एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेचं हमीपत्र) उघडा. एक व्यापारी मित्र म्हणतो, एवढा खटाटोप कशाला, माझ्या ओळखीचा माणूस हाँगकाँगमध्ये परस्पर रक्कम पोचवेल. यात सगळ्यांत स्वस्त काय पडेल?

मित्राचा सल्ला आधी बाजूला काढते, म्हणजे उरलेल्यावर नीट बोलता येईल. ही हवालाच आहे, तिला गोड नाव दिलं म्हणून बदलत नाही. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, कलम १३ प्रमाणे अशा व्यवहारात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. समजा कुणी पकडलं नाही, तरी अडचण राहतेच. मशीन न्हावाशेवाला आलं की बिल ऑफ एंट्री (कस्टमकडे भरायचा आयातीचा कागद) भरलं जातं आणि त्याची नोंद आपोआप तुमच्या बँकेकडे जाते. माल आला, मग पैसे कुठून गेले, हा प्रश्न बँक विचारणारच. त्यात उद्या मशीनचा स्क्रू-बॅरल खराब निघाला आणि पुरवठादाराशी भांडायची वेळ आली, तर आपण पैसे दिल्याचा एक कागद तुमच्या हातात नसेल.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे येऊ. मी बँकेच्या फॉरेक्स डेस्कवर काम केलंय आणि आता लहान कारखानदारांचे आयात-निर्यातीचे कागद बघते. बहुतेक जण स्विफ्टच्या, म्हणजे बँकांमधल्या संदेशयंत्रणेच्या, फीवर घासाघीस करतात. ती असते ५०० ते १,५०० रुपये. खरा खर्च बँक तुम्हाला डॉलर कोणत्या भावाने विकते त्यात दडलेला असतो, आणि त्याची वेगळी पावती मिळत नाही.

हिशेब सोपा व्हावा म्हणून डॉलर ९० रुपये धरू. ४८,००० डॉलर म्हणजे ४३ लाख २० हजार रुपये. पहिल्यांदा येणाऱ्या ग्राहकाला शाखा बहुधा कार्ड रेट लावते. सकाळी मुख्य कार्यालयातून येणारा हा छापील भाव बाजारभावाच्या वर असतो. फरक ९० पैशांचा असेल तर तुमचे ४३,२०० रुपये गेले. तोच फरक बोलून १० पैशांवर आणला तर ४,८०० रुपये. म्हणून शाखेत ‘आजचा रेट काय?’ असं विचारू नका. ‘इंटरबँकवर किती पैसे मार्जिन लावणार?’ असं विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. इंटरबँक म्हणजे बँका आपसांत डॉलर घेतात-देतात तो भाव. शाखेला ठरवता येत नसेल तर ट्रेझरीशी, म्हणजे चलनाचे सौदे करणाऱ्या विभागाशी, बोलणं करून द्या म्हणा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा मंच २०१९पासून याच कामासाठी आहे. तिथे बँकेने तुमच्याशी आधी ठरवलेलं शुल्क सोडलं तर डॉलर बाजारभावाने मिळतो. शाखेतल्या माणसाला तो ठाऊक नसेलही, तरी आग्रह धरा.

जीएसटीचंही थोडक्यात सांगते. परकीय चलनाच्या अदलाबदलीवर तो रकमेच्या टप्प्यांनुसार लागतो. ४३ लाख २० हजार एका दमात पाठवले तर साधारण १,५९० रुपये, ३०-७० असे दोन हप्ते केले तर दोन्ही मिळून २,४०० च्या आसपास. आठशे रुपयांसाठी हप्ते टाळायचं कारण नाही.

म्हणजे फी हजारांत, भावातला फरक दहा-चाळीस हजारांत. पण माल आलाच नाही, किंवा भलताच आला, तर जोखीम अख्ख्या ४३ लाखांची. म्हणून टीटी, एलसी आणि डीपी (बँकेमार्फत कागद) यांतून निवडताना पहिला प्रश्न एकच: माझे पैसे हातातून सुटतील त्या क्षणी माल कुठे असेल आणि मालाचे कागद कुणाच्या ताब्यात असतील?

टीटीत या प्रश्नाचं उत्तर तुमच्या विरोधात जातं. तुमची बँक स्विफ्टने संदेश पाठवते. डॉलरचा हिशेब अमेरिकेतल्या तिच्या डॉलर खात्यातून (नॉस्ट्रो) होतो आणि एक-दोन कामकाजाच्या दिवसांत रक्कम समोरच्याच्या खात्यात पडते. पुरवठादाराने त्यानंतर काय करायचं, हे बँक बघत नाही. टीटी वाईट नाही. जुन्या, पारखलेल्या पुरवठादाराशी तिच्याइतकी सुटसुटीत पद्धत दुसरी नाही, चीनबरोबरचा लहान व्यापार बव्हंशी तिच्यावरच चालतो. अडचण ‘७० टक्के माल निघायच्या आधी’ या अटीत आहे. ती जशीच्या तशी मान्य केली तर मशीन त्याच्या गोदामात असेल आणि शंभर टक्के रक्कमही त्याच्याच खिशात.

टीटीच्या फॉर्मवर एक चौकोन असतो, परदेशातल्या बँकांचे आकार कुणी सोसायचे याचा. ‘शेअर्ड’वर खूण केली तर वाटेतली बँक वीस-पंचवीस डॉलर कापून घेते. पुरवठादाराच्या खात्यात ३३,६०० ऐवजी ३३,५७५ पडतात, त्यांची अकाउंट्सची बाई कमी रक्कम आली म्हणून फाइल अडवते आणि तुमचं जहाज चुकतं. दीड-दोन हजार रुपये जास्त भरून ‘अवर’ निवडा, म्हणजे सगळे आकार आपल्याकडे. आणि बँकेकडून नुसती स्विफ्ट कॉपी घेऊन थांबू नका, यूईटीआर नावाचा ३६ अक्षरांचा क्रमांक मागून घ्या. रक्कम कोणत्या बँकेत पोचली आणि कुठे अडली, हे त्यावरून तुमची बँक सांगू शकते. चिनी नववर्षाच्या आणि १ ऑक्टोबरपासूनच्या सुट्ट्यांत तिकडच्या बँका बंद असतात, तेव्हा अडलेली रक्कम आठवडाभर अडूनच राहते.

एलसीत बँक तुमच्या वतीने हमी देते: ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेले कागद आणा, आम्ही पैसे देतो. म्हणजे माल जहाजावर चढल्याचा पुरावा आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. पुरवठादारालाही भरवसा मिळतो, कारण आता देणेकरी तुम्ही नसून तुमची बँक आहे. इथवर तुमचे मॅनेजर म्हणतात ते बरोबरच आहे. मात्र ते बहुधा एक गोष्ट सांगत नाहीत: एलसीत बँक फक्त कागद बघते. हा यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा पायाच आहे. पेटीत मशीनऐवजी भंगार भरलेलं असेल आणि कागद चोख असतील, तर बँकेला पैसे द्यावेच लागतात.

म्हणून एलसीची ताकद तुम्ही कोणते कागद मागता त्यावर ठरते. कमर्शियल इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीची पावती, जिच्यावर माल सुटतो) पूर्ण संच आणि उगम प्रमाणपत्र हे सगळेच मागतात. त्यात एक कागद वाढवा: एसजीएस किंवा ब्युरो व्हेरिटास अशा त्रयस्थ संस्थेचं जहाजावर चढण्यापूर्वीचं तपासणी प्रमाणपत्र. त्यात मशीनचा मॉडेल आणि अनुक्रमांक, क्लॅम्पिंग टनेज (साचा दाबून धरण्याची ताकद), मोटरचा मेक आणि चालवून बघितल्याची नोंद यायला हवी. निंगबो परिसरात मशीन बनवणारे ढिगाने आहेत, तिथे तपासनीस पाठवणं अवघड नाही, आणि एका दिवसाच्या तपासणीचा खर्च मशीनच्या किमतीपुढे किरकोळ आहे. उलट ‘खरेदीदाराने समाधान झाल्याचं पत्र द्यावं’ अशी अट मात्र घालू नका. समोरची बाजू बहुधा एलसीत दुरुस्ती मागेल आणि तिचे आकार तुमच्या माथी बसतील.

बिल ऑफ लेडिंग तुमच्या बँकेच्या ऑर्डरवर करून घ्या. जहाजावर चढवल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद सादर व्हावेत, असा यूसीपीचा सर्वसाधारण नियम आहे. निंगबोहून न्हावाशेवाला जहाज त्याआधीही पोचू शकतं, म्हणून एलसीत ही मुदत १० दिवसांवर आणा. नाहीतर माल बंदरात, कागद वाटेत आणि कंटेनरचं भाडं चढत राहिलेलं. कागद हातात आल्यावर बँकेला तपासायला पाच कामकाजाचे दिवस मिळतात. त्यात विसंगती निघाल्या, नाव चुकलं, तारीख उलटली, तर ते स्वीकारायचे की नाही हे तुम्हाला विचारलं जातं. विसंगतीचे ७५-१०० डॉलर बहुधा पुरवठादाराच्या रकमेतून कापले जातात. काही आयातदार क्षुल्लक विसंगतीचा बाऊ करून भाव पाडून घेतात. पहिल्याच व्यवहारात हे करू नका, सुटे भाग लागतील तेव्हा गाठ याच माणसाशी आहे.

खर्चाचं म्हणाल तर उरलेल्या ७० टक्क्यांच्या, म्हणजे साधारण ३० लाखांच्या, साइट एलसीला (कागद पटले की लगेच पैसे देणारी) उघडण्याचं कमिशन, स्विफ्ट, कागद हाताळणी सगळं धरून १५ ते ३० हजारांची तयारी ठेवा. बँकेगणिक यात बराच फरक पडतो. त्याहून जास्त टोचतं ते मार्जिन. एलसीची लिमिट मंजूर नसेल तर बँक तेवढ्या रकमेची एफडी तारण म्हणून मागेल, म्हणजे दोन-तीन महिने तुमचं खेळतं भांडवल अडकलं. कारखान्याच्या कॅश क्रेडिटवर आधीच ताण असेल तर हे आताच तपासा, ऑर्डर दिल्यावर नको.

आयात जुनी करणारा एखादा माणूस तुम्हाला एलओयूवर (आपल्या बँकेचं हमीपत्र) स्वस्त बायर्स क्रेडिट, म्हणजे परदेशी बँकेकडचं आयात-कर्ज, घ्यायला सांगेल. तो रस्ता बंद झालाय. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतलं नीरव मोदी प्रकरण उघडकीला आलं आणि १३ मार्च २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने व्यापारी कर्जासाठी एलओयू देणंच थांबवलं. एलसीवर आधारलेलं कर्ज सुरू राहिलं, पण एलओयूच्या जोरावर डॉलरच्या व्याजदराने माल आणणाऱ्या लहान आयातदारांची त्यात विनाकारण पंचाईत झाली, असं माझं मत आहे.

तिसरा रस्ता डीपीचा. तो मॅनेजरांनी सुचवला नाही, कारण त्यात बँकेला मिळतं थोडं. पुरवठादार माल जहाजावर चढवतो आणि कागद त्याच्या बँकेमार्फत तुमच्या बँकेकडे येतात. तुम्ही पैसे भरले की बँक कागद देते, मग ते दाखवून माल सोडवायचा. हमी कुणाचीच नाही, एफडी नको, खर्च काही हजारांचा. तुमच्यासाठी उत्तम आणि म्हणूनच पुरवठादाराला नकोसा. तुम्ही पैसे भरले नाहीत तर त्याचं मशीन न्हावाशेवाला पडून राहतं. खास तुमच्यासाठी बनवलेल्या मशीनला कुणी यावर तयार होणार नाही. पण ३० टक्के आगाऊ घेतलेले असतील आणि मॉडेल चालू खपाचं असेल, तर विचारून बघायला हरकत नाही. एक पथ्य लक्षात ठेवा: हा रस्ता समुद्रमार्गाच्या मालालाच चालतो. विमानाने आलेल्या मालाच्या एअरवे बिलावर मालकी फिरत नाही. ज्याच्या नावावर माल आलाय तो मूळ कागदांशिवायही माल उचलतो. म्हणून हवाई मालाला डीपी लावायचा तर बँकेची परवानगी घेऊन माल तिच्या नावे मागवावा लागतो.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. ३० टक्के, म्हणजे १४,४०० डॉलर, टीटीने आगाऊ. ते बुडण्याची जोखीम राहतेच, आणि एवढ्या रकमेसाठी चिनी कारखाना बँक गॅरंटी देणार नाही, त्यावर वेळ घालवू नका. रिझर्व्ह बँकेच्या आयातीसंबंधीच्या २०१६च्या मास्टर डायरेक्शनमध्ये गॅरंटीचा मुद्दा सर्वसाधारणपणे दोन लाख डॉलरवरच्या ॲडव्हान्सला आणला होता, तुम्ही त्यापासून खूप दूर आहात. उरलेले ३३,६०० डॉलर तपासणी प्रमाणपत्रासह साइट एलसीने. ही पहिली खरेदी आहे, तेव्हा वीस-पंचवीस हजारांचा खर्च मला पटतो. दुसरं मशीन याच कारखान्याकडून घ्याल तेव्हा एलसीची गरज नसेल.

पुरवठादार एलसीला नकार देण्याची शक्यता बरीच आहे, हेही सांगते. लहान चिनी कारखाने भारतातल्या छोट्या बँकेच्या एलसीला बिचकतात, किंवा दुसऱ्या बँकेकडून ती कन्फर्म करून (म्हणजे तिचीही हमी जोडून) मागतात आणि खर्च वाढतो. मग टीटीवरच या, पण टप्पे बदला: ३० टक्के आगाऊ, ६० टक्के तपासणीचा अहवाल आणि बिल ऑफ लेडिंगची प्रत आल्यावर, १० टक्के मशीन भोसरीत चालू झाल्यावर. प्रत आली की कंटेनरचा क्रमांक जहाज कंपनीच्या साइटवर टाकून बघा, तो खरंच जहाजावर चढलाय का. दोन मिनिटांचं काम आहे. शेवटच्या १० टक्क्यांवर तो हटून बसेल, पाच टक्क्यांवर तोडा. सीआयएफऐवजी (भाडं-विमा पुरवठादार बघतो) एफओबी निंगबो (जहाजावर चढवेपर्यंतच त्याची जबाबदारी) घ्या, म्हणजे फॉरवर्डर, माल आणायची व्यवस्था करणारा एजंट, तुमचा असेल. सीआयएफमध्ये भाडं स्वस्त दिसतं आणि इथल्या बाजूचे आकार बघून डोळे पांढरे होतात.

बसवणीसाठी त्यांचा इंजिनिअर येणार असेल आणि त्याचा वेगळा इनव्हॉइस असेल, तर ते पैसे मालाचे नसून सेवेचे ठरतात. त्यावर टीडीएसचा प्रश्न येतो आणि बँक सीएचं प्रमाणपत्र मागू शकते. करार करण्याआधीच सीएंना दाखवा.

आता सगळ्यांत धोक्याची जागा. पहिला हप्ता नीट जातो, दोन महिन्यांनी मेल येतो: आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, उरलेली रक्कम या नव्या खात्यावर पाठवा. मेल त्याच माणसाचा, खालची सही तीच, वर जुना पत्रव्यवहारही जोडलेला. फक्त मेलबॉक्स कुणीतरी फोडलेला असतो, किंवा पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असतं. स्विफ्टवर रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, लाभार्थीचं नाव जुळतंय की नाही हे सगळ्याच बँका काटेकोरपणे तपासत नाहीत. म्हणून खातं बदलल्याचा मेल आला की आधीपासून वापरात असलेल्या नंबरवर व्हिडिओ कॉल करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर करायचा नाही. समोर तोच माणूस दिसला पाहिजे आणि त्याच्या तोंडून खाते क्रमांक ऐकला पाहिजे. पैसे चुकून गेलेच तर तासांत हालचाल करा: बँकेला रिकॉल संदेश पाठवायला लावा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघू म्हणालात तर बहुधा संपलं. निर्मळ कारणासाठीही हाँगकाँगमधलं खातं देणारे पुरवठादार असतात. तिथे खात्यावरचं नाव आणि प्रोफॉर्मा इनव्हॉइसवरचं (ऑर्डरआधीचं बिल) नाव वेगळं असेल तर तुमची बँक त्रयस्थाला पैसे देताय म्हणून अडवेल. आणि अडवलं तर बँकेवर चिडू नका.

७० टक्के रक्कम तीन महिन्यांनी द्यायची आहे. तोवर डॉलर दोन रुपयांनी चढला तर ३३,६०० डॉलरवर ६७,२०० रुपये जास्त लागतील, म्हणजे एलसीच्या अख्ख्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट. फॉरवर्ड बुक करून भाव बांधून ठेवता येतो, त्यासाठी प्रीमियम द्यावा लागतो. डॉलर खाली येईल या आशेवर थांबणाऱ्यांना मी सहसा सांगते, तुमचा धंदा मोल्डिंगचा आहे.

नमुने किंवा दोनशे डॉलरचे नोझल मागवायचे असतील तर यातलं काही करायला नको. पुरवठादाराच्या पोर्टलवरून कार्डाने पैसे भरा, पावती आणि कुरिअरची कागदपत्रं जपून ठेवा.

शेवटी बँक कोणती, हा प्रश्न. तुमचं खातं सहकारी बँकेत आहे असं दिसतं. सारस्वत किंवा कॉसमॉससारख्या काही सहकारी बँकांकडे परकीय चलनाचा पूर्ण परवाना आहे. बाकीच्या अनेक बँका तुमची फाइल दुसऱ्या बँकेमार्फत पाठवतात. तिथे भावावर दोघांचं मार्जिन बसतं आणि कागद दोन टेबलांवर थांबतात. परवाना असलेल्या बँकेत चालू खातं उघडून घ्या, तिचा एडी कोड (परवानाधारक बँकेचा क्रमांक) विचारा आणि तो कस्टम हाउस एजंटला लेखी द्या. ऑक्टोबर २०१६पासून आयातीची नोंद आयडीपीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या संगणक-प्रणालीत होते. तुमचं प्रत्येक रेमिटन्स (पाठवलेली रक्कम) तिथे उघडं राहतं आणि बिल ऑफ एंट्री जुळलं की बंद होतं. पैसे एका बँकेतून गेले आणि बिल ऑफ एंट्रीवर एजंटने सवयीने दुसऱ्याच बँकेचा एडी कोड टाकला, की दोन्हीकडे नोंदी लटकतात. मग पुढच्या ऑर्डरचा ॲडव्हान्स पाठवायला जाल तेव्हा काउंटरवर जुनी यादी पुढे येते. मशीन उभं राहिलं की दोन आठवड्यांत बँकेला मेल टाका: इनव्हॉइस, दोन्ही रेमिटन्सचे संदर्भ क्रमांक, बिल ऑफ एंट्रीची प्रत, आणि एक ओळ, की या नोंदी जुळवून बंद केल्याचं लेखी कळवावं.